खपली धरली म्हणजे जखम भरली?

‘जखम उघडी ठेवा, हवा लागली की लवकर भरते. खपली म्हणजेच नवी कातडी. रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने फेस येईपर्यंत धुवा. खपली पडली की भाग पूर्वीसारखा मजबूत.’ हा संदेश मला आतापर्यंत तीनदा तरी आला. चार वाक्यं आणि चारही चुकीची!

हवेपासून सुरुवात करू. उघडी जखम सुकते हे खरं, पण सुकणं वेगळं आणि भरणं वेगळं. १९६२ साली संशोधक जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, तर काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याखाली ओलसर ठेवल्या. झाकलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगाने आली. जखम भरायला ऑक्सिजन लागतो हे खरंच, पण तो पोचतो रक्तातून. सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तातून तो कमी पोचतो, त्यांच्या जखमा रेंगाळण्याचं एक कारण हेच.

खपली म्हणजे वाळलेलं रक्त आणि फायब्रिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांचं, जाळं. नवी कातडी कडेकडेने तिच्या खालून सरकत येते आणि टणक खपली तिला आडवीच येते.

खरं बांधकाम चालतं त्याच्याही खाली. तिथले गवंडी म्हणजे फायब्रोब्लास्ट, शरीराला आधार देणाऱ्या संयोजी ऊतीतल्या पेशी. दोन-तीन दिवसांत त्या जखमेत उतरतात, फायब्रिनच्या जाळ्याचा आधार घेत पसरतात आणि कोलॅजनचे, म्हणजे कातडीला बळकटी देणाऱ्या प्रथिनाचे, धागे विणू लागतात. आपण ‘मांस भरतंय’ म्हणतो ते मांस नसतंच. तो लालसर, दाणेदार थर म्हणजे या पेशी, त्यांचं कोलॅजन आणि नव्या केशवाहिन्या. पुढे यातल्याच काही पेशी स्नायूपेशींसारख्या आकुंचन पावतात आणि जखमेच्या कडा आत ओढून घेतात. मोठी जखम भरता भरता लहान होत जाते, ती यामुळे.

पेरॉक्साइडच्या फेसाने काहीतरी स्वच्छ होतंय असं वाटतं खरं. पण त्याला जंतू आणि फायब्रोब्लास्ट यांतला फरक कळत नाही. रोज ओतलं तर गवंडीच मरतात. साध्या जखमेला स्वच्छ वाहतं पाणी पुरतं. (खोल जखम, प्राण्याचा चावा किंवा मधुमेह असेल तर थेट डॉक्टरकडे.)

राहिला मजबुतीचा दावा. पहिलं कोलॅजन घाईत विणलेलं, तिसऱ्या प्रकारचं असतं. ते काढून त्याजागी पहिल्या प्रकारचं बळकट कोलॅजन घालायचं काम कित्येक महिने चालतं. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ कातडीच्या साधारण २० टक्के ताकद असते. तीन महिन्यांनी ती फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. टाके काढल्यावरही डॉक्टर ओझं उचलू देत नाहीत ते उगीच नाही.

वरून मिटलेली जखम आत किती पोकळ असू शकते, हे जॉन क्रँडन या तरुण अमेरिकी शल्यविशारदाने स्वतःवरच दाखवलं. कोलॅजन नीट विणायला फायब्रोब्लास्टना क जीवनसत्त्व लागतं. क्रँडन यांनी १९३९ साली ते आहारातून पूर्ण वगळलं. तीन महिन्यांनी मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहा महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या जखमेची वरची कातडी जुळली होती, पण आत होतं नुसतं साकळलेलं रक्त. क जीवनसत्त्व पुन्हा सुरू केल्यावर मग तीही भरली.