कार्बनचा सूट आणि उलटणारा वारा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एल्कच्या (इकडच्या मोठ्या हरणाच्या) शिकारीत माणसाचा वास लपवता येत नाही, वाराच सांभाळावा लागतो, असं मी लिहिलं होतं. तुमच्या मते हा जुनाट हट्ट आहे. पेन्सिल्व्हेनियात कार्बनचा सूट (अंगाचा वास शोषणारा, कार्बनचा थर असलेला पोशाख) आणि वास मारणारा स्प्रे वापरल्यावर वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे वाहत असूनही व्हाइटटेल हरणं २० यार्डांवर निवांत चरत होती, असं तुम्ही म्हणता.

आधी माझी चूक. ‘आंघोळ, धुणं यानं काही फरक पडत नाही’ असं मी लिहायला नको होतं. फरक पडतो. घामाला वास येतो तो त्वचेवरच्या जिवाणूंमुळे. बिनवासाचा साबण आणि मेरिनो लोकरीचे कपडे यांनी तो कमी होतो. ते वाक्य काढून टाकलंय.

पण तुमचा अनुभव मचाणावरचा आहे. १५-२० फूट उंच स्वस्थ बसलं की वास पुष्कळदा हरणाच्या डोक्यावरून निघून जातो. कोलोराडोत सप्टेंबरमध्ये १० हजार फुटांवर पाठीला ओझं घेऊन चढताना पहिल्या तासातच बनियन भिजतं. कार्बन वास धरतो हे खरं, पण एकदा भरला की घरच्या ड्रायरनं पुरता मोकळा होत नाही, त्याला कितीतरी जास्त उष्णता लागते. आणि धापा टाकताना तोंडातून जो श्वास बाहेर पडतो, त्याला कुठला सूट अडवणार?

शाळेत भूगोलात दरीय वारे आणि पर्वतीय वारे शिकलो होतो, आठवतंय? इथे सगळा खेळ त्यांचाच. रात्री गार हवा उतारावरून खाली सरकते, ऊन तापलं की वर चढते. घात होतो तो मधल्या अर्ध्या तासात.

इकडच्या मिल्कवीडच्या शेंगेत आपल्या रुईसारख्याच म्हाताऱ्या असतात, कुळ एकच. वारा कुठे वाहतोय ते बघायला मी डबीभर जवळ ठेवतो. एका सकाळी चरून वर परतणाऱ्या कळपामागून आम्ही खालून चढत होतो. म्हातारी सोडली की आमच्या अंगावरून खाली जायची, सगळं ठीक. नवाच्या सुमारास उतारावर ऊन आलं. पुढची म्हातारी हातभर खाली गेली, जागीच तरंगत राहिली, मग हळूच वळून वर निघाली. मी ती बघत उभा राहिलो, बाजूला सरकलो नाही. मिनिटभरात वरच्या झाडीतून मादी भुंकली (एल्कचा इशारा कुत्र्याच्या भुंकण्यासारखाच असतो) आणि फांद्या मोडत अख्खा कळप कड्यापलीकडे गेला. त्या दिवशी माझे कपडे अगदी स्वच्छ होते.

शिवाय शिकारी एल्कच्या आवाजाची नक्कल करून हाक देतो, तेव्हा माजावरचा नर त्या हाकेला सरळ येत नाही. वळसा घालून हाक देणाऱ्याच्या वाऱ्याखाली, म्हणजे त्याचा वास वाहत येतो त्या बाजूला, येतो आणि आधी नाकानं खात्री करून घेतो. म्हणून बाण मारणारा जोडीदार हाक देणाऱ्याच्या ४०-५० यार्ड पुढे आणि त्याच वळशाच्या बाजूला हवा.

येत्या सप्टेंबरला इकडे येताय, तर सूट जरूर आणा. फक्त चढताना तो पिशवीत बंद राहू द्या. वर पोचल्यावर अंग पुसून, कोरडं बनियन घालून मग चढवा. ऊन पडण्याआधी कळपाच्या उंचीला आडवं सरकायचं, हवा वर वाहायला लागली की वरून उतरायचं. कुठल्या युनिटचं (शिकारीसाठी आखलेल्या विभागाचं) लायसन्स मिळालंय ते कळवा. नकाशावर उतारांची तोंडं बघून पहाटे कुठून चढायचं ते सांगतो.