किंमत इनबॉक्समध्ये सांगू नका

पुण्यातल्या घरखरेदीच्या कुठल्याही फेसबुक ग्रुपवर जा. फ्लॅटचे आठ फोटो, वर 'प्राइम लोकेशन, लक्झुरियस २ बीएचके', आणि खाली पंधरा जणांनी विचारलेलं एकच, 'किंमत?' पंधराही जणांना उत्तर तेच: 'इनबॉक्स केलंय सर.' रिअल इस्टेटच्या धंद्याला सोशल मीडियानं जे सगळ्यात मोठं बळ दिलं, ते आपण एजंट या तीन शब्दांत घालवतो, असं माझं ठाम मत आहे.

पेपरातल्या छोट्या जाहिरातीला ओळीगणिक पैसे पडायचे, तेव्हा 'संपर्क साधा' समजण्यासारखं होतं. इथे जागा फुकट आहे. पंधरा जणांच्या प्रश्नाचं उत्तर एकदा उघडपणे लिहिलं की पुढचे दीडशे न विचारता वाचतात. ज्यांचं बजेट बसत नाही ते आपले आपण बाजूला होतात. तुमचे फोन वाचतात आणि त्यांचा रविवार वाचतो. किंमत दिली तर दुसरा एजंट आपला भाव पाडेल, ही भीती नेहमी सांगितली जाते. पण त्या बिल्डिंगचा भाव दुसऱ्या एजंटला आधीच ठाऊक असतो, कित्येकदा गेटवरच्या वॉचमनलाही असतो. तो फक्त गिऱ्हाइकाला ठाऊक नसतो, आणि लपवलं म्हणजे काहीतरी गडबड आहे असा अर्थ तो काढतो. मालकाची अपेक्षा लिहा, पुढे 'बैठकीत बोलणी होतील' लिहा. त्यानं कुणाचं नुकसान झालेलं नाही.

किंमत लिहायची तर पूर्ण लिहा. समजा पुणे महापालिका हद्दीत बांधकाम चालू असलेला फ्लॅट आहे आणि करारातली रक्कम ६८ लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ३ लाख ४० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ७६ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणून ३० हजारच. बेरीज ७६ लाख ४६ हजार. घर फक्त महिलेच्या नावावर होणार असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, म्हणजे ६८ हजार वाचले. सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स आणि वकिलाची फी वेगळी. पोस्टमध्ये नुसतं '६८ लाख' लिहिलं आणि साडेशहात्तरचा आकडा टोकन देताना टेबलावर आला, तर माणूस तिथेच थबकतो, कारण बँकेचं कर्ज त्यानं ६८ धरून काढलेलं असतं. करारातली रक्कम रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेल्या किमतीपेक्षा, कमी असेल तर मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या किमतीवर लागतं, तेही लिहा. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर बिल्डरकडून घेतलेल्या घराला जीएसटी नाही, रिसेलला तर नाहीच. ही एक ओळ कित्येक रिसेल फ्लॅटची खरी ताकद आहे आणि ती कुणी लिहीतच नाही.

क्षेत्रफळाचंही तेच. अजून 'सेलेबल ९५०' अशी, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामायिक जागेचा वाटाही धरलेली, भाषा पोस्टमध्ये दिसते. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा, त्यात मोजमाप कार्पेटचं आहे: घरातल्या आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस धरायची नाही. म्हणून 'कार्पेट ६४०, शिवाय बाल्कनी ४५' असं सुटं लिहा. करारात चौरस मीटर असतात. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गिऱ्हाईक फोनवर गुणाकार करतंच. आकडा जुळला नाही तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा भरवसा जातो.

आता व्हिडिओ. इथे सगळ्यात जास्त चुका होतात. मोबाइलची ०.५ वाली वाइड लेन्स लावली की दहा बाय अकराची बेडरूम दिवाणखान्याएवढी दिसते. रीलला लाइक मिळतात, माणूस जागेवर येतो, दारातच त्याचा चेहरा उतरतो आणि व्यवहार तिथेच संपतो. लेन्स १ वरच ठेवा, फोन छातीच्या उंचीवर धरा आणि शक्यतो न थांबता एका दमात चित्रण करा. सुरुवात हॉलपासून करू नका. मुख्य रस्त्यावरच्या वळणापासून करा: आतला रस्ता किती रुंद आहे, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर निघतात का, गेट, पार्किंगची नेमकी जागा, लिफ्ट, मग दार. स्वयंपाकघरात फ्रिजच्या जागेवर टेप धरून दाखवा. बेडरूममध्ये पलंगाची कड आणि कपाटाचं दार यांच्यात किती अंतर उरतं ते दाखवा. तिथे ५५ सेंटीमीटर उरत असतील तर कपाट उघडताना पलंगावर बसावं लागणार, हे घरातल्या बाईंना एका नजरेत कळतं. ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनचा नळ आणि ड्रेनेजचं तोंड जवळून घ्या. हायवेकडची खिडकी उघडून दहा सेकंद गप्प राहा, आवाज ऐकू द्या. उजेडाची वेळ सांभाळा: पूर्वेचा फ्लॅट सकाळी आठ ते दहा, पश्चिमेचा दुपारी चारनंतर. सगळं ६० ते ९० सेकंदांत बसतं. पडद्यावर मराठीत ओळी टाका, कारण बसमध्ये नाहीतर ऑफिसात बसलेला माणूस आवाज बंद ठेवून बघतो.

पावसाळ्यात चित्रण टाळू नका. जुलैतल्या व्हिडिओत खिडकीचा कोपरा कोरडा दिसला, तर त्या घराला याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही. ओल असेल तर ती लपवून फायदा नाही, ती भिंत नंतर दिसतेच. 'उत्तरेच्या खिडकीखाली ओल आहे, मालक वॉटरप्रूफिंग करून देणार' असं लिहिलेली पोस्ट शेअर होते, कारण असं कुणी लिहीत नाही.

राहत्या घराचं चित्रण करताना आधी मालकाची व्हॉट्सअॅपवर लेखी परवानगी घ्या. भाडेकरू राहत असेल तर त्याचीही. देवघर, मुलांचे फोटो, दारावरची पाटी, गाडीचा नंबर फ्रेमबाहेर ठेवा. कुलूप कुठलं आहे आणि घर कधी रिकामं असतं हे सगळ्या गावाला कळावं, असा व्हिडिओ रोज कुठे ना कुठे दिसतो. मालकाच्या जिवावर आपण हा खेळ करू नये.

सगळं पुणे विकायला निघू नका. तीन-चार किलोमीटरचा एक भाग धरा आणि त्याचे तपशील अंगवळणी पडू द्या. वाघोलीसारखी गावं जून २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण हद्द बदलली म्हणून नळाला पाणी लगेच येत नाही. उपनगरातल्या घराखाली पहिली कमेंट 'पाणी येतं का?' हीच असते. तिला 'पाण्याचा प्रॉब्लेम नाही' हे उत्तर नव्हे. पालिकेचं कनेक्शन आहे की नाही, बोअर किती आहेत, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, सोसायटीच्या मे महिन्याच्या बिलात एका फ्लॅटवर टँकरचे किती रुपये आले, हे सेक्रेटरीकडून बघून लिहा. असे पंचवीस-तीस जबाब एका भागाबद्दल साठले की लोक तुम्हाला शोधत येतात, मग घर तुमच्याकडे असो वा नसो. टीका करणारी कमेंट पुसू नका, तिच्या खालीच उत्तर द्या. पुसलेल्या कमेंटचा स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर फिरतो.

कायद्याबद्दल बरेच जण गाफील आहेत. व्हॉट्सअॅप स्टेटस ही जाहिरात नाही, हा गैरसमज डोक्यातून काढा. रेरात जाहिरातीची व्याख्या कुठल्याही माध्यमातली आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि ८ पेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही. 'प्री-लाँच, फक्त आपल्या ग्रुपसाठी' ही पोस्टसुद्धा त्यातच येते. बिल्डरला यासाठी प्रकल्पखर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नोंदणी नसलेला प्रकल्प विकणाऱ्या एजंटला दिवसाला १० हजार, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्यातल्या प्राधिकरणाने, प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे, तो नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. पण ज्या फोनवर रील बघतोय त्याच फोनने तो कोड स्कॅन कसा करणार? म्हणून कोड चित्रात ठेवाच, शिवाय नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या पानाची लिंक मजकुरात द्या. तुमचा एजंट नोंदणी क्रमांक प्रोफाइलवर हवा. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणाचं नुकसान झालं तर रेराच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहिताना हे आठवा. अंतर मीटरमध्ये लिहा.

व्हॉट्सअॅप हे आपल्याकडचं खरं दुकान आहे, फक्त ते नीट मांडलेलं नसतं. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. दोन हजार नंबर भरून 'काही रिस्पॉन्सच नाही' म्हणणाऱ्यांचं बहुतेकदा इथेच अडतं. साइट दाखवून झाली की तिथेच कॉन्टॅक्ट कार्ड पाठवा आणि समोर सेव्ह करून घ्या. एकच सरसकट यादी नको. भाग आणि बजेट यांप्रमाणे याद्या करा: 'धायरी-नऱ्हे, ५० ते ६५', 'रावेत-पुनावळे, ७० ते ९०'. आठवड्याला दोन मेसेज पुरेत. त्याहून जास्त झाले की लोक ब्लॉक किंवा रिपोर्ट करतात, आणि रिपोर्ट साठले की नंबरच बंद पडतो. दहा वर्षांचे ग्राहक एका दिवसात गेले म्हणून समजा. बिझनेस अॅपमधली लेबलं वापरा: विचारणा, साइट बघितली, कर्ज मंजूर, थांबलाय. 'थांबलाय' लेबलच्या माणसाला दोन महिन्यांनी त्याच्याच बजेटमधलं एक घर पाठवा, 'गुड मॉर्निंग' नको.

पैसे देऊन जाहिरात करायची तर पोस्टखालच्या बूस्टच्या बटणापेक्षा फेसबुकचा अॅड्स मॅनेजर शिका. लीड म्हणजे चौकशी करणाऱ्याचं नाव-नंबर. जाहिरातीतल्या लीड फॉर्ममध्ये फोन नंबर आपोआप भरला जातो, तो कधी जुना, कधी बंद पडलेला असतो. म्हणून फॉर्म 'हायर इंटेंट' प्रकारचा, म्हणजे पाठवण्याआधी माहिती पुन्हा बघायला लावणारा, ठेवा आणि स्वतः टाइप करावे लागतील असे दोन प्रश्न घाला: बजेट किती, आणि घर किती महिन्यांत घ्यायचंय. लीड कमी येतील, पण फोन लागतील. रोज ५०० रुपये असतील तर त्याचे पाच तुकडे करून पाच जाहिराती चालवू नका. फेसबुकच्या यंत्रणेला माणसं ओळखायला आठवड्याला साधारण ५० निकाल, म्हणजे इथे भरलेले फॉर्म, लागतात, तुकडे केले की ती कुठेच पोचत नाही. रोज उठून बदलही करू नका, प्रत्येक मोठ्या बदलाला शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. खर्च धरताना १८ टक्के जीएसटी धरा. हिशेब लीडवर करू नका, साइटवर प्रत्यक्ष आलेल्या माणसांवर करा. सात दिवसांचे ३,५०० अधिक ६३० म्हणजे ४,१३० रुपये गेले आणि सहा जण आले, तर एका भेटीला सुमारे ६९० रुपये. हा आकडा दर आठवड्याला वहीत लिहा.

जाहिरात कुठे दाखवायची यातही चूक होते. घर पुण्यात म्हणून पुण्यावरच वर्तुळ काढलं जातं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाचं घर ठरवताना लातूर, नांदेड, सोलापूर, सांगलीतले आई-वडील बरोबरीनं बसलेले असतात, डाउन पेमेंटचे पैसेही पुष्कळदा तेच देतात. मुलगा इन्स्टाग्रामवर रील बघतो, वडील फेसबुकवर मराठी मजकूर शब्द न् शब्द वाचतात. त्यांच्यासाठी त्या गावांत मराठी जाहिरात चालवा, आणि तिच्यात दवाखाना, भाजीबाजार आणि एसटी-रेल्वेचं अंतर लिहा.

गुंठ्यांच्या जाहिरातींबद्दल मात्र राग येतो. 'फक्त इतक्या लाखांत गुंठा, सातबारा नावावर' अशा पोस्टखाली शेकडो साधी माणसं नंबर टाकतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, पण तो शेतजमिनीतला असेल तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना तर शेतजमीन आणि फार्महाऊस खरेदी करायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची बंदी आहे, आणि याच जाहिराती दुबई नि अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर फिरतात. सामायिक सातबाऱ्यावर नाव लागलं तरी आपला तुकडा नेमका कुठला हे ठरत नाही, बँक कर्ज देत नाही, बांधकामाला परवानगी मिळत नाही. प्लॉट विकायचा तर जमीन बिनशेती असल्याचा कागद, मंजूर लेआउट आणि लागू असेल तिथे रेरा क्रमांक पोस्टमध्येच टाका. नसेल तर पोस्टच टाकू नका. आयुष्याची पुंजी असते ती.

आणि घर विकलं की त्याच दिवशी पोस्टच्या पहिल्या ओळीत 'विकले गेले' लिहा, तारखेसह. चौकशीचे फोन येत राहावेत म्हणून जुनी पोस्ट तशीच ठेवली जाते. दुसऱ्या टोकाला कुणीतरी सुट्टी काढून, मुलांना घेऊन, दोन बस बदलून नसलेलं घर बघायला येत असतं. पोस्ट पुसू नका, तिच्याखालचे पाण्याचे, पार्किंगचे, मेंटेनन्सचे प्रश्न पुढच्या माणसाला लागणार आहेत.