मोबाईल खिशात, नजर स्क्रीनवर

सोसायटी, शाळा आणि नातेवाईक अशा तिन्ही ग्रुपवर एकच मेसेज फिरून आला. मतलब असा: चालवताना मोबाईल हातात धरणं धोक्याचं, त्यापेक्षा गाडीत मोठा टचस्क्रीन बसवा, मोबाईल त्याला जोडा आणि बिनधास्त चालवा. स्क्रीन समोरच असतो म्हणून नजर हटत नाही. आवाजाने सगळं होतं म्हणून लक्ष जात नाही. कंपनीने दिलंय म्हणजे तपासलेलंच असणार. आणि चालत्या गाडीत स्क्रीनवरचा कीबोर्ड बंद होतो, तो निव्वळ आगाऊपणा.

गाडीच्या स्क्रीनवर चालणारी अ‍ॅप बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम. मी ग्रुपवर "हे असं नाहीये" एवढंच लिहिलं, तर एका काकांनी विचारलं, "मग बनवता कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

मोबाईल हातात धरू नये, हे सोळा आणे खरं. घोळ त्याच्या पुढे आहे.

स्क्रीन समोर असतो, हेच मुळात चूक. समोर काच असते आणि काचेपलीकडे रस्ता. स्क्रीन आपल्याकडच्या गाड्यांत डाव्या हाताला, बराचसा खाली असतो. ताशी 100 किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 2013 साली काढलेल्या सूचनांमध्ये एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि अख्ख्या कामाला मिळून बारा सेकंदांच्या वर जाऊ नये, असं आहे. ते दोन सेकंदही एक्सप्रेसवेवर जवळपास 56 मीटर होतात. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने 2022 मध्ये ताशी 110 किलोमीटरला चार साधी कामं करून पाहिली, रेडिओ लावणं वगैरे. 2005 सालच्या बटणांच्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत उरकली. टचस्क्रीनच्या सगळ्यात वाईट गाडीत जवळपास 45 सेकंद लागले. तेवढ्यात गाडी 1,372 मीटर पुढे. बटण हाताला चाचपून सापडतं. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत, तिथे डोळ्यांनाच जावं लागतं.

आता काकांच्या प्रश्नाकडे: बनवतो ते नजर कमीत कमी वेळ हटावी अशा बेताने. आमच्या ऑफिसात एक पुठ्ठ्याचा तुकडा आहे. एक जण अ‍ॅप वापरतो, दुसरा दीड सेकंद स्क्रीन उघडा ठेवतो आणि दीड सेकंद पुठ्ठ्याने झाकतो; झाकलेला वेळ म्हणजे नजर रस्त्यावर असल्याचा. प्रयोगशाळेत यासाठी खास चष्मे असतात, आमचा हा गरिबाघरचा प्रकार. चार्जिंग स्टेशन शोधायचं आमचं पहिलं अ‍ॅप यात सपशेल आपटलं. वीस नावांची यादी होती आणि नवीन माहिती आली की ती आपोआप वर-खाली सरकायची. पुठ्ठा उठला की आधीचं नाव कुठे गेलं ते शोधण्यातच दीड सेकंद संपायचा. शेवटी जवळची तीनच ठेवली, मोठ्या अक्षरात, न हलणारी. रंग, फोटो, रेटिंग सगळं गेलं. डिझाइनर दोन दिवस बोलत नव्हती. पण काम कुठेही अर्धवट टाकून रस्त्याकडे बघता यायला हवं आणि परत आल्यावर जागा तीच सापडायला हवी. माझ्या मते बाकी सगळे नियम या एका गोष्टीनंतर येतात.

आवाजाचा मुद्दा. हाताचा वापर कमी होतो, नजरही थोडी वाचते, मान्य. पण डोकं? यूटा विद्यापीठातल्या संशोधकांना 2015 साली असं आढळलं की काही गाड्यांत आवाजी आदेश संपल्यावरही मन पूर्ण रस्त्यावर यायला 27 सेकंदांपर्यंत लागतात. ब्रिटनच्या टीआरएल या वाहतूक संशोधन संस्थेने 2020 मध्ये सिम्युलेटरवर तपासलं: अ‍ॅपल कारप्ले, म्हणजे आयफोन गाडीच्या स्क्रीनला जोडणारी सोय, हाताने वापरताना प्रतिसादाचा वेळ 57 टक्क्यांनी वाढला, आवाजाने वापरताना 36 टक्क्यांनी. आवाज बरा ठरतो, पण "लक्ष जातच नाही" हे खोटं.

"कंपनीने दिलंय" याला जर्मनीतलं एक प्रकरण पुरे. टेस्लाच्या एका चालकाने भर पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलायला घेतला आणि गाडी रस्त्याबाहेर गेली. कार्ल्सरूहच्या उच्च न्यायालयाने 2020 मध्ये त्याचा 200 युरो दंड आणि महिनाभर गाडी चालवण्यावरची बंदी कायम केली. स्क्रीन गाडीतच बसवलेला होता, हा बचाव चालला नाही.

कीबोर्डची तक्रार मात्र मला पटते, कारण शेजारी बसलेली बायको टाइप करू शकते आणि गाडी तिलाही अडवते. पण बोट कोणाचं आहे ते गाडीला सहसा कळत नाही. शेजारच्याने आपल्या फोनवर टाइप करून पत्ता पाठवावा, फार तर दहा सेकंद जास्त जातील.

आणि चालत्या गाडीत स्क्रीन अडवणारं असं कुलूप किती स्वस्तात तुटतं तेही बघितलंय. मेव्हण्याच्या गाडीत स्टिरिओ बसवायला एका अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो होतो. हँडब्रेक ओढला असेल तरच व्हिडिओ दिसावा म्हणून स्टिरिओला एक बारीक वायर असते. पोऱ्याने न विचारताच ती थेट गाडीच्या बॉडीला जोडून टाकली, म्हणजे हँडब्रेक कायम ओढलेलाच आहे असं स्टिरिओला वाटतं, आणि हसून म्हणाला, "साहेब, आता चालू गाडीत पण पिक्चर बघा." मी ती सोडवून हँडब्रेकच्या स्विचला जोडायला सांगितली. त्याचे त्याने दोनशे रुपये जास्त लावले.