शेतात जुनं मडकं सापडलं तर गप्प बसा? नाही, अजिबात नाही

गेल्या आठवड्यात आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला, दोन दिवसांनी तोच शाळेच्या ग्रुपवर, मग शेतकऱ्यांच्या ग्रुपवर, म्हणून आता लिहितोच. मेसेज थोडक्यात असा आहे. नांगरताना किंवा विहीर खणताना गुप्तधन, जुनी नाणी, मूर्ती सापडली तर कुणालाही सांगू नका, इंग्रजांचा १८७८ चा कायदा आहे, सरकार सगळं घेऊन जातं, शेतकऱ्याला दमडी मिळत नाही, वरून जेल होते, जमीन पुरातत्त्ववाले ताब्यात घेतात, वस्तू म्युझियमच्या गोदामात धूळ खात पडते, आणि इंग्लंडमध्ये मात्र शेतकरी करोडपती होतो. शेवटी सल्ला की ओळखीचा सराफ गाठा आणि मोकळे व्हा.

पहिला मुद्दा, "सरकार सगळं घेतं". साफ खोटं. कायदा १८७८ चा आहे हे बरोबर, पण तो वाचला तर कळतं की त्यात मुळात वाटणी कशी करायची हेच लिहिलंय. जमिनीत पुरलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, काय सापडलं, साधारण किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला, आणि माल सरकारी कोषागारात जमा करायचा नाहीतर जामीन द्यायचा. मग जाहीर नोटीस निघते, कुणाचा हक्क असेल तर त्याने यावं म्हणून ४ ते ६ महिन्यांच्या आतली तारीख देतात. गेल्या १०० वर्षांत आमच्याच माणसाने हे पुरलं होतं असं कुणी म्हणालं तर ते प्रकरण कोर्टात जातं, नाहीतर माल बेवारस ठरतो आणि सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमिनीच्या मालकाला एक चतुर्थांश. दोघांत आधी काही करार असेल तर करारानुसार. आणि स्वतःच्याच शेतात स्वतःलाच सापडलं, दुसरा कुणी दावेदार नाही, तर सगळं तुमचं.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, सापडणारा म्हणजे ज्याच्या हाताला ते लागलं तो, सातबाऱ्यावर नाव असलेला नव्हे. म्हणजे विहिरीवर रोजाने आलेल्या मजुराचा हिस्सा मालकाच्या तिप्पट आहे. "कुणाला सांगू नका" म्हणणाऱ्या मेसेजमुळे सगळ्यात आधी हक्क जातो तो त्या मजुराचा, कारण गुपचूप वाटणी झाली की त्याच्या हातावर पाच-पन्नास टेकवतात आणि तो तक्रार तरी कुठे करणार.

सरकारला ती वस्तू म्युझियमसाठी हवी असेल तर पैसे मोजावे लागतात. आता कायद्यावर माझीही तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. तो पैसा म्हणजे वस्तूतल्या धातूची किंमत अधिक तिचा पाचवा भाग, बास. सोन्याचं ठीक आहे हो, पण तांब्याच्या, शिशाच्या नाण्याला धातूच्या भावाने काय मिळणार? दोन हजार वर्षांपूर्वीचं नाणं आणि मोडीचा भाव, हे चूक आहे आणि बदललं पाहिजे. तहसीलला चकरा पडतात हेही खरंय. पण "कमी मिळतं" आणि "दमडी मिळत नाही" यात फरक आहे की नाही?

जेलचं बघा. शिक्षा सापडल्याबद्दल नाहीच, लपवल्याबद्दल आहे. कळवलं नाही तर तुमचा हिस्सा सरकारजमा, आणि गुन्हा सिद्ध झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जमीनमालकाने लपवायला मदत केली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे हा मेसेज ज्या जेलची भीती घालतो त्याच जेलचा रस्ता दाखवतो! आणि सराफाकडे जाऊन मोकळं कसलं होताय, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षं जुनी नाणी, मूर्ती सगळं येतं, त्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवायला पूर्ण बंदी आहे.

असं परस्पर विकल्यावर काय होतं ते मी स्वतः बघितलंय म्हणून बोलतो. मी नववीत असताना आमच्या शेजारच्या वस्तीवर विहिरीच्या कामात एक गाडगं निघालं, निम्मं फुटलेलं, आत तांब्याचे पैसे एकमेकांना चिकटून हिरवा गोळा झालेला. तो गोळा पहारीने फोडला, ज्याने त्याने मूठमूठ उचलली, बाकीचं तालुक्याला मोडीत गेलं. एक पैसा आमच्या घरी आला, आजीने हौसेने चिंच लावून राखेने घासला, लख्ख झाला. एका बाजूला "श्री राजा" एवढं लागत होतं, खालच्या ओळीतला "शिव" घासून गेलेला. दुसऱ्या बाजूला "छत्र" आणि "पति" चा नुसता प. शिवराई होती ती, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. गाडग्यात सगळ्याच शिवरायाच होत्या का अजून कुणाची नाणी होती, किती होती, कधी पुरली असतील, आता कोण सांगणार. कुणाची वाईट भावना नव्हती, पण कुणाला कळवायचं असतं हेच माहीत नव्हतं.

जमीन जाते ही भीती मी समजू शकतो, पण एखादं मडकं निघालं म्हणून जमीन जात नाही. एखादी जागा केंद्राची संरक्षित जागा करायची तर आधी अधिसूचना काढावी लागते, हरकतीसाठी दोन महिने द्यावे लागतात, आणि तसं घोषित केल्याने सातबारा आपोआप सरकारच्या नावावर होत नाही. हां, संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते, तिथल्या लोकांचा त्रास खरा आहे, पण ती वेगळी गोष्ट आहे.

आता गोदाम. सगळ्यात जास्त राग मला याच मुद्द्याचा येतो. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला, दीड हजारांहून जास्त नाणी, आणि ती सोन्याचांदीची नव्हे तर पोटीनची, म्हणजे हलक्या मिश्रधातूची. मोडीत घेताना कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी राजांची नावं वाचली जी पुराणांच्या याद्यांत नाहीत. त्याआधी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा परत मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचं डोंगराचं चिन्ह उमटलंय, याहून मोठा विजयाचा पुरावा काय असतो? चांदी म्हणून वितळवली असती तर पैंजण झाले असते. राजस्थानात बयाण्याजवळ १९४६ ला गुप्तांची सोन्याची नाणी सापडली तेव्हा काही खरंच वितळली, उरलेल्या १८२१ नाण्यांची यादी आपल्या इतिहासकार अ. स. आळतेकरांनी केली. म्युझियमात सगळं मांडलेलं नसतं हे कबूल, मांडायला पाहिजे हेही कबूल, पण कपाटातलं नाणं उद्या कुणीतरी वाचू शकतो, वितळलेलं कोण वाचणार.

आणि नुसती वस्तू वाचून भागत नाही. दायमाबादचा रथ सगळ्यांना माहितीय, प्रवरेकाठी १९७४ ला एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना सापडलेला, रथ, म्हैस, हत्ती, गेंडा, चारही ब्राँझची आणि मिळून ६० किलोच्या वर. ही शिल्पं हाती राहिली हे आपलं भाग्यच. पण ती शिस्तशीर उत्खननात, थरासकट निघाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळावर वाद झाला, पुरातत्त्वज्ञ ढवळीकर त्यांना उत्तर हडप्पा काळातली, म्हणजे सिंधू संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातली मानतात तर दुसरे अभ्यासक डी. पी. अग्रवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकवरून शंका काढली. जागचं हललं की असं होतं.

राहिलं इंग्लंड. २००९ ला तिथल्या स्टॅफर्डशायरमध्ये शेतात सापडलेल्या जुन्या सोन्याचांदीच्या साठ्याचे ३२ लाख ८५ हजार पौंड सापडणाऱ्यात आणि शेतकऱ्यात वाटले गेले, अगदी खरं. तिथे बाजारभाव ठरवायला समिती आहे, तसं आपल्याकडे व्हावं म्हणून भांडूया की, मी येतो सोबत. पण ते पैसे मिळाले कारण त्यांनी कळवलं. २०१५ ला हेरफर्डशायरमध्ये दोघांनी साठा लपवून विकला, त्यांना २०१९ ला अनुक्रमे १० आणि साडेआठ वर्षं सुनावली, अपिलात कमी झाली तरी वर्षांतच राहिली. मेसेजमध्ये हे नाहीये.

तेव्हा कुणाच्या शेतात काही निघालं तर जेसीबी थांबवा. मडकं फोडू नका, आतली माती ओतू नका, चिंच-लिंबू तर लावूच नका. आहे तिथेच बाजूला एक फूटपट्टी नाहीतर पेन ठेवून फोटो काढा, कुणाच्या हाताला लागलं त्याचं नाव लिहा, तलाठ्याला सांगा पण तेवढ्यावर थांबू नका, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने लेखी अर्ज द्या, पंचनाम्यात नगांची संख्या आणि वजन लिहून घ्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती सातबाऱ्याच्या फाईलीत ठेवा.