निरंक

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीवरच्या शाळेत यंदा माझी वहिनी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाली. झाली म्हणजे केली. बाकीच्यांनी हात वर केले, हिचा हात तेव्हा कडेवरच्या पोरीत अडकलेला होता. भाचा तिसरीत, शाळेचा पट १४, शिक्षक दोन.

ऑगस्टमध्ये तिने मला इतिवृत्ताच्या वहीचं एक पान फोटो काढून पाठवलं. गुरुजींचं अक्षर सुरेख. तीन विषय, तिन्हींपुढे ‘सर्वानुमते मंजूर’. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय : निरंक’. खाली नऊ सह्या आणि एक अंगठा.

“ताई, आयत्या वेळीच तर सगळं झालं,” ती फोनवर म्हणाली. बैठक चालू असताना खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. किचन शेडचा पत्रा गळतोय, तांदळाच्या गोणी खालून भिजल्यात, दोनदा सांगून झालं, असं म्हणाल्या. पाच-सात मिनिटं त्यावर बोलणं झालं, कोणी पत्र्याचा भावही सांगितला. वहीत यातलं काही नाही. वहिनीने विचारलं तर उत्तर आलं, “त्या सदस्य नाहीत ना.”

हे बरोबरच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत ७५ टक्के पालक बसवले, निम्म्या जागा बायकांना दिल्या, आपल्याकडे अध्यक्षही पालकांतलाच. शिक्षकांचा प्रतिनिधी आहे, ग्रामपंचायतीचा आहे. रोज १४ पोरांना जेवू घालणारी बाई मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मी कॅनडात, ओंटारियो प्रांतातल्या मिसिसागात राहते. माझी मुलगी जाते त्या शाळेच्या कौन्सिलवर मी दोन वर्षं आहे. ओंटारियोच्या २०००च्या नियमांप्रमाणे इथेही पालकांचं बहुमत आणि पालकच अध्यक्ष, पण शिक्षकाखेरीज इतर कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या एकाला वेगळी खुर्ची असते. आमच्याकडे त्या खुर्चीवर शाळेचा केअरटेकर बसतो. पहिल्या हिवाळ्यात तो म्हणाला, बालवाडीच्या दारासमोर छपरावरचं पाणी पडून गोठतं, रोज मीठ टाकूनही पोरं घसरतात, त्यांना बाजूच्या दाराने घ्या. आम्ही तशी शिफारस केली. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापिकेने सांगितलं, नाही जमणार, त्या दाराची वाट बसच्या रस्त्यावर उतरते. छपराची पन्हळ दुरुस्त करायला शाळा चालवणाऱ्या बोर्डाला कळवलंय, असंही ती म्हणाली. हे सगळं कार्यवृत्तात आलं, नकारासकट.

मला इथलं हेच आवडतं. कौन्सिल नुसती सल्ला देणारी आहे. मुख्याध्यापिकेला मत नाही, पण प्रत्येक शिफारशीचं काय केलं हे तिला कौन्सिलला सांगावंच लागतं. कार्यवृत्त ती लिहीत नाही, आमच्यातला एक पालक लिहितो. आपल्याकडे मुख्याध्यापकच सदस्य सचिव, म्हणजे ज्याला प्रश्न विचारायचा, पेन त्याच्याच हातात.

उगाच इथलं कौतुक नको. आमच्या वर्षाच्या बैठकांतला निम्मा वेळ पिझ्झा लंचच्या हिशेबात जातो. वर्गातली निम्मी मुलं आपल्याकडची, पण बैठकीला तेच पाच चेहरे. उलट आपल्या समितीकडे शाळेचा विकास आराखडा करायचं काम आहे, शाळा अनुदानावर लक्ष ठेवायचं आहे. पत्रा बदलायचा ठराव वहिनी करू शकते, मी इथे पन्हळीला हातही लावू शकत नाही.

मग तो ठराव होत का नाही? गुरुजी आळशी आहेत म्हणून नाही. दोघांत चार इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरणं, त्यात गेल्या वर्षी एकाची बदली होऊन चार महिने जागा रिकामी. इतिवृत्त रात्री घरी बसून लिहितात. खरं कारण वहिनीने आवाज खाली आणून सांगितलं. पट १४. २०२३मध्ये वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघाला, तेव्हापासून वाडीत कोणी शाळेबद्दल वाईट लिहीत नाही. धान्य भिजलं असं वहीत आलं आणि वरून कोणी आलं तर? शाळा बंदच करा म्हणायला निमित्त नको. गणपतीत वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाची सभा झाली तिथेही हेच ठरलं, शाळेची बदनामी करायची नाही. मंडळाने टीव्ही दिलाय, रंग दिलाय, त्यांचा शब्द मोठा. त्यांची स्वतःची मुलं बोरिवली-विरारला इंग्रजी माध्यमात आहेत. (मी त्यांना काय बोलणार, मी त्याहून लांबची चाकरमानी.)

ही भीती मी झटकून टाकू शकत नाही. ओंटारियोत २०१७ पासून शाळा बंद करण्याच्या प्रक्रियेलाच स्थगिती आहे. केअरटेकरने तोंड उघडलं म्हणून आमच्या शाळेला टाळं लागणार नाही, तेव्हा आमच्या मोकळेपणाला फार काही मोजावं लागत नाही. तरी मला वाटतं, वाडीचा हिशेब चुकतोय. उद्या शाळा वाचवायला जिल्हा परिषदेत जायची वेळ आली, तर समितीने दाखवायचं काय? पानोपानी ‘निरंक’ लिहिलेली वही? जिथे कधी काही बिघडत नाही आणि कोणी काही मागत नाही, ती शाळा कागदावर कोणाला लागतेय असंही दिसत नाही. पत्रा मागितला, मिळाला नाही, पुन्हा मागितला, वाडीने घातला, हे चार महिने वहीत असेल तर ती चौदा पोरांची बाजू होते.

वहिनीला मी एवढंच सांगितलं की बैठक सकाळी अकराला ठेवू नका. जुलैत त्या वेळी बाया लावणीला चिखलात असतात, म्हणून तर मागच्या सह्या घरोघर फिरून घेतल्या होत्या. तिने संध्याकाळची वेळ मागितली, गुरुजींनी दिली. मावशींना आमंत्रित म्हणून बसवायलाही ते तयार झाले, आणि वही तिच्याकडे सरकवून म्हणाले, “मग तुम्हीच लिहा, मला जरा उसंत.” तिचं शिक्षण दहावीपर्यंत, लिहायची सवय सुटलेली. काल रात्री तिचा फोन आला.

“ताई, मागच्या पानावरचं ‘निरंक’ खोडू, की नव्या पानावर सुरू करू?”