डेटाचा धनी कोण?

आमच्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाचे गेल्या तेरा वर्षांतले संशोधन बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात होते, आणि हे विधान मी अलंकारिक अर्थाने करीत नाही. डब्यात पाच एक्स्टर्नल हार्ड डिस्क, दोन पेन ड्राइव्ह आणि कधीतरी लागेल म्हणून जपलेली एक वायर होती. डबा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असे आणि खणाची किल्ली माझ्या पर्समध्ये. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या तपासणी शिबिरांतले सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे निकाल, मूत्रपिंडाच्या बायोप्सीच्या काचपट्ट्यांचे स्कॅन, सीटीच्या प्रतिमा आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध असा सगळा परिवार त्या डब्यात गुण्यागोविंदाने नांदत होता.

ऐन मे महिन्यात, नागपुरात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना, संस्थेचे परिपत्रक आले. ‘केंद्रीय विदा साठवणूक सेवा’ सुरू झाली असून सर्व संशोधकांनी आपापली विदा तेथे जमा करावी, असा त्याचा आशय होता. परिपत्रक घेऊन आलेल्या शिपायाने ते वाटेत वाचले होते. “मॅडम, तंबाखूच्या खर्र्यावर बंदी घातली अन् विड्यासाठी योजना काढून राहिले का जी?” असे त्याने विचारले. विदा म्हणजे डेटा, हे मी त्याला समजावून सांगितले. त्यावर “मग डेटाच लिहायचं नं,” असे म्हणून तो निघून गेला. त्याचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते, म्हणून यापुढे मीही डेटाच लिहिते.

सोबत चौदा रकान्यांचा एक अर्ज होता. पहिला रकाना डेटाच्या आकारमानाचा. मी तेथे ‘भरपूर’ असे लिहिले आणि अर्ज परत आला. मग संगणक विभागातला एक तरुण अभियंता स्वतःच मोजणीला आला. डिस्कवर एक टेराबाइट छापलेले असताना संगणक ९३१ जीबीच दाखवतो, हे पाहून मी इतकी वर्षे बर्डीच्या बाजारातल्या दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घालीत आले होते. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या पटीत, त्यामुळे हा फरक दिसतो, असे त्याने सांगितले तेव्हा कुठे तो दुकानदार माझ्या मनातून निर्दोष सुटला. पाचपैकी एक डिस्क मात्र नुसती टक् टक् करीत राहिली. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, तो आजही स्वच्छ वाचता येतो, आणि माझी आठ वर्षांपूर्वीची शिबिरे त्या टक् टक् मध्ये कायमची गेली. अभियंता काही बोलला नाही. त्याने त्या डिस्कवर फक्त एक चिठ्ठी चिकटवली.

उरलेल्या चार डिस्कवरचा ऐवज ३.६ टेराबाइट भरला. चाळीसपटीने स्कॅन केलेली एकेक काचपट्टी सहज एक-दोन जीबी खाते, तेव्हा आकड्याचे आश्चर्य नव्हते. आश्चर्य होते ते नावांचे. एकाच प्रबंधाच्या ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’, ‘सरांनी पाहिलेलं फायनल’ आणि ‘फायनल वापरू नये’ अशा पाच प्रती होत्या, आणि विद्यापीठाला सादर झालेली प्रत त्यांपैकी एकीशीही जुळत नव्हती.

हे सारे मी सहन केले असते, पण चौथ्या रकान्यात ‘डेटाच्या मालकाचे नाव’ विचारले होते. मी बेधडक स्वतःचे नाव लिहिले. अभियंता म्हणाला, “नाही जी मॅडम, मालक संस्था असते.” विभागप्रमुखांच्या मते मालक विभाग होता आणि विभाग म्हणजे तूर्तास ते स्वतः. गोंदियाला प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला फाइलचा पासवर्ड विचारण्यासाठी फोन केला, तर तो म्हणाला, “मॅडम, तो तर माझा डेटा आहे नं!” वास्तविक त्या प्रबंधातले निम्मे तक्ते मी रात्री जागून दुरुस्त केले होते, पण पासवर्ड त्याच्याकडे असल्यामुळे मी ते बोलून दाखवले नाही. एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिवांनी तर आम्हा सर्वांनाच वाटेला लावले. रुग्णाने विश्वासाने रक्त दिले, संमतीपत्रावर अंगठा उठवला, तेव्हा माहिती त्याची आहे आणि आपण केवळ राखणदार आहोत, असे त्या म्हणाल्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही ज्याची माहिती तो ‘डेटा प्रिन्सिपल’ आणि ती सांभाळणारी संस्था ‘डेटा फिड्युशियरी’, म्हणजे एक प्रकारची विश्वस्त, अशी वाटणी आहे. हे मी अर्जाच्या समासात सविस्तर लिहून पाठवले. आमच्या लिपिकाने त्यातला ‘प्रिन्सिपल’ एवढाच शब्द वाचला आणि मालकाच्या रकान्यात अधिष्ठातांचे, म्हणजे संस्थाप्रमुखांचे, नाव टाकून, वर शिक्का मारून, अर्ज मंजुरीला धाडून दिला.

मंजुरी आली, पण रुग्णांची नावे काढल्याशिवाय डेटा आत घेता येत नव्हता. मी निर्धास्त होते, कारण प्रत्येक सीटीच्या फाइलला मी पूर्वीच ‘पेशंट ००४७’ अशा धर्तीची नावे दिली होती. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या प्रमाण पद्धतीच्या फाइलमध्ये प्रतिमेबरोबरच रुग्णाचे नाव, जन्मतारीख आणि तपासणीचा दिवस पोटातही लिहिलेला असतो, हे त्या दिवशी कळले; म्हणजे मी इतकी वर्षे पाकिटावरचा पत्ता खोडून आतले पत्र जसेच्या तसे ठेवीत होते. ती पोटातली नावे काढण्यात दोन आठवडे गेले. कोणता क्रमांक कोणत्या रुग्णाचा, याची यादी स्वतंत्र आणि कुलूपबंद जागी ठेवायची असते. ती आम्ही त्याच फोल्डरमध्ये ‘किल्ली’ या नावाने ठेवली होती, हे अभियंत्याने पाहिले आणि प्रथमच मान खाली घालून हसला.

मग प्रत्यक्ष पाठवणी. आमच्या विभागाची जोडणी १०० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटची. सगळी तार एकट्या माझ्यासाठी मोकळी ठेवली तरी ३.६ टेराबाइटला सलग ऐंशी तास लागतात, आणि मे महिन्यातल्या नागपुरात सलग ऐंशी तास वीज राहील यावर फक्त दिल्लीहून बदलून आलेला माणूस विश्वास ठेवील. एकसष्टाव्या तासाला वादळ आले, कुलरसकट सारे थांबले. दुसऱ्या दिवशी अभियंता म्हणाला, “मॅडम, डबाच घेऊन या नं. पायी चार मिनिटं लागतात.”

अशा रीतीने आमचे संशोधन डोक्याला दुपट्टा बांधून, भर दुपारी, डब्यातून सर्व्हर-खोलीत पोहोचले. तेथे थेट यंत्राला जोडल्यावर दहा तासांचेच काम होते. यंत्रांना १८ ते २७ अंशांतली हवा मानवते, म्हणून ती खोली बावीस अंशांवर ठेवलेली असते, आणि संस्थेत एवढे लाड यंत्रांखेरीज कोणाचे होत नाहीत. डेटावर लक्ष ठेवायला कोणी तरी बसायला हवे, असे मी म्हणताच सहा जण तयार झाले. शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांनी आजवर आपला एकही तक्ता कोणाला दाखवलेला नाही, ते रोज दुपारी दोन ते चार ‘आमचा डेटा कसा आहे’ हे पाहायला येऊ लागले. येताना उशीही आणीत असत, असा प्रवाद आहे.

त्या गारव्यात मी एकच शंका विचारली: एखादी डिस्क बिघडली तर? डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवलेला असतो, इथे दोन बिघडल्या तरी चालते, या रचनेला रेड म्हणतात, असे उत्तर आले. आणि मीच चुकून फाइल खोडली तर? “मग ती सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते जी. रेड म्हणजे बॅकअप नाही.” म्हणून यंत्र रोज रात्री स्नॅपशॉट, म्हणजे साठ्याच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेते आणि खोडलेली वस्तूही तीस दिवस परत काढता येते. शिवाय तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, असा या धंद्यातला नियम आहे. दुसऱ्या ठिकाणची प्रत अजून ‘प्रस्तावित’ आहे. तोवर माझा डबा खणातच असतो, हे संगणक विभागाला ठाऊक नसावे.

दीड महिन्याने अधिष्ठातांचा फोन आला. आमच्या वाट्याच्या जागेचा कोटा नव्वद टक्के भरल्याचा इशारा मालक या नात्याने त्यांना गेला होता आणि ते आज्ञाधारक गृहस्थ असल्यामुळे स्वतः फोल्डर उघडून बसले होते. “मॅडम, बाळ फार गोड आहे,” ते म्हणाले, “पण हे कोणत्या प्रकल्पातलं? आणि संमतीपत्र कुठे आहे?” तेरा वर्षांपूर्वीचे, माझ्या मुलाच्या बारशाचे चारशे फोटो सिकलसेलच्या पोटात दडून केंद्रीय साठवणुकीत दाखल झाले होते.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एवढ्या मोठ्या मुलाची, पालकांच्या संमतीबरोबरच, स्वतःचीही अनुमती लागते. रात्री जेवताना मी रीतसर विचारले. त्याने फोटो पाहिले, त्यांतल्या पाळण्यातल्या उघड्याबागड्या स्वतःला पाहून तो कानापर्यंत लाल झाला, आणि सगळे आत्ताच्या आत्ता डिलीट करायला लावले. मी त्याच्यादेखत केले. स्नॅपशॉटचे मात्र मी त्याला अजून सांगितलेले नाही.