'पडीक' कुणी ठरवलं?

थरच्या वाळवंटात सौरप्रकल्प आला की बातमीत 'पडीक जमिनीचा सदुपयोग' हे शब्द ठरलेले. ते वाचलं की माझं डोकं फिरतं. पडीक कुणाच्या लेखी?

सेवण गवताचा ठोंब मे महिन्यात बघा. वाळक्या काड्यांचा नुसता झुबका, मेलंय असंच वाटेल. पण खाली मुळांनी वाळू घट्ट धरून ठेवलेली असते आणि पाऊस पडला की बुडातून हिरवे कोंब फुटतात. गाई-मेंढ्या त्यावरच जगतात, चिंकाराही. माळढोकाची मादी तिथेच उघड्या जमिनीवर अंडं घालते, बहुधा एकच. अशा जमिनीच्या कागदावर 'पडीक'चा शिक्का मारणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. (उंटही तिथलाच, त्यालाही तेच गवत लागतं.)

देशात माळढोक उरलेत दीडशेच्या आसपास. अंगाने जड पक्षी, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे प्रकल्पांची वीज नेणारी समोरची तार दिसते तेव्हा वळायला वेळच उरत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या भागातल्या वीजवाहिन्या, जिथे शक्य असेल तिथे, जमिनीखाली घ्यायला सांगितलं. २०२४ मध्ये तो आदेश सैल करून निर्णय तज्ज्ञ समितीकडे दिला. गंमत बघा, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे, हेही त्याच निकालात मान्य झालं. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही, ती हवीच. पण छपरं, कालव्यांवरची जागा, आधीच खराब झालेल्या जमिनी सोडून ओरणावरच डोळा का? पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने राखलेली ती राखणरानं. तिथे कुऱ्हाड चालत नाही, गुरं मात्र चरतात.

आणि कृपा करून 'मग झाडं लावा' म्हणू नका. कच्छमधल्या बन्नीच्या गवताळ रानात १९६०च्या सुमारास रणाचा खारटपणा पसरू नये म्हणून विलायती बाभूळ लावली. तिने एवढं गवत गिळलं की मालधारी, म्हणजे तिथले पशुपालक, आजही तिच्याशी झगडताहेत. गवताळ रानाचा कार्बन मुख्यतः मातीत असतो, वर दिसत नाही, म्हणून फोटोतही येत नाही.

नद्यांचीही तीच गत. लुणी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते आणि कच्छच्या रणात विरून जाते, समुद्र काही गाठत नाही. बालोतऱ्यापर्यंत पाणी गोडं, पुढे खारं. वर्षातले बरेच महिने पात्र कोरडं. कोरडं दिसतं म्हणून पाली-बालोतऱ्याकडच्या कापडरंगाईचं सांडपाणी तिच्यात आणि तिच्या उपनद्यांत सोडलं गेलं. ते झिरपून विहिरींत उतरलं. पात्र कोरडं असलं तरी नदी खालून वाहतच असते, हे तिथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

आता पाऊसही पूर्वीसारखा राहिला नाही, येतो तो कोसळतोच. पण अशा पावसाची चुणूक राजस्थानातल्या बाडमेरने २००६च्या ऑगस्टमध्येच पाहिली. वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस काही दिवसांत पडला आणि रोहिली नदीच्या वाटेवरचं कवास गाव बुडालं. एरवी तिथे नदी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. वाळूखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी जिरेना. पाऊस थांबून आठवडे उलटले तरी गावात पाणी होतं, वाळवंटात माणसं होडीतून फिरत होती.